संगणक जागा होत नाही तेव्हा



परवा जामबागेतील एका विद्यार्थ्याने मला काकुळतीने विचारले, “सर, घरचा संगणक सुरूच होत नाही. वडिलांची सारी छायाचित्रे त्यातच आहेत. ती गेली काय?” वडील हयात नव्हते, प्रश्न केवळ यंत्राचा नव्हता.

कळ दाबताच प्रथम एक लहानशी चिप जागी होते. ती स्मृतिपट्टी व डिस्क जागेवर आहेत की नाहीत हे पाहते आणि मग डिस्कवरील विंडोज अथवा लिनक्स प्रणाली स्मृतीत आणते. ही साखळी कोठे तुटली ते शोधणे, हेच निदान.

दिवा नाही, पंखाही नाही, तर दोष विजेचा : प्लग व वायर तपासावी. पंखा फिरतो पण पडदा काळा, तर पडद्याची केबल पाहावी. मग वीज तोडून स्मृतिपट्टी काढावी व पुन्हा घट्ट बसवावी. कंपनीचे नाव झळकते पण डिस्क सापडत नाही असा संदेश येतो, तर लावून ठेवलेला पेनड्राइव्ह आधी काढावा, मग डिस्कची जोडणी पाहावी. डिस्क टकटक वाजू लागली, तर मात्र यंत्र तत्काळ बंद करून जाणकाराकडे न्यावे.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष फाइलीमुळे जगातील सुमारे ८५ लक्ष संगणक निळा पडदा दाखवून अडले. आपल्या हैदराबादच्या विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. उपाय काय निघाला? यंत्र ‘सेफ मोड’मध्ये सुरू करून ती एक फाइल पुसणे! डिस्कवरील माहिती शाबूतच होती.

म्हणून घाबरून ‘फॉरमॅट’ करू नये. प्रणाली बिघडली म्हणजे माहिती नष्ट झाली असे नव्हे. डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून, किंवा पेनड्राइव्हवरील लिनक्सने यंत्र सुरू करून, माहिती आधी उतरवून घ्यावी, दुरुस्ती मागाहून. डिस्क कुलूपबंद असेल तर तिची किल्ली, म्हणजे तो लांबलचक अंक, आधीच कागदावर लिहून ठेवलेला असावा.

त्या मुलाच्या घरी दोष निघाला तो विसरलेल्या पेनड्राइव्हचा. छायाचित्रे सुखरूप होती. त्याच सायंकाळी आम्ही त्यांची दुसरी प्रत केली. जिची एकच प्रत आहे, ती वस्तू जपलेली नव्हे. केवळ अद्याप हरवलेली नाही, इतकेच.