पहिला रेडिओ कोणता?

हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना हाती आला की बहुतेकांची नजर आधी पाच वॅटच्या हँडहेल्डवर, म्हणजे हातात धरायच्या संचावर, जाते. स्वस्त आणि सुटसुटीत. पण भारतात तो मुख्यतः १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर चालतो आणि या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की आवाज अडतो. उंचावर रिपीटर, म्हणजे आलेला संदेश पुन्हा प्रक्षेपित करणारा संच, असेल तरच पल्ला वाढतो. तुमच्या गावात रिपीटर ऐकू येतो का, हे जवळच्या जुन्या हॅमना विचारा. येत नसेल तर माझं मत स्पष्ट आहे : थोडे पैसे साठवा आणि एचएफ, म्हणजे लघुलहरींचा, संचच घ्या. त्यावरच्या ७ मेगाहर्ट्झच्या लहरी आयनांबरावरून परततात, शेकडो किलोमीटर गाठतात. त्यासाठी सुमारे २० मीटर तारेचा डायपोल अँटेना पुरतो, तो घरी बनवता येतो. गच्चीवर तार ताणायला सोसायटीची परवानगी मात्र आधीच घ्या.