कोरड्या नदीवरचे धरण

सौदी अरबस्तान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळू, उंट आणि तेलाच्या विहिरी उभ्या राहतात. त्या देशात बारमाही वाहणारी एकही नदी नाही. तरीसुद्धा तेथे पाचशेहून अधिक धरणे आहेत, हे वाचून आमच्या वाचकांना नवल वाटेल. जेथे नदी नाही तेथे धरण कशाला, असा प्रश्न शाळेतले एखादे पोर विचारील, आणि तो प्रश्न योग्यच आहे.

त्याचे उत्तर 'वादी' या शब्दात आहे. वादी म्हणजे डोंगरातून उतरणारे कोरडे नदीपात्र. वर्षानुवर्षे त्यात फक्त दगड आणि वाळू दिसते. पण एखाद्या दिवशी ढग फुटतात, उघड्या खडकावर पाणी मुरत नाही, आणि घटकाभरात वादी दुथडी भरून वाहू लागते. हा लोंढा अडवून हळूहळू सोडावा, म्हणून गावांच्या वरच्या अंगाला लहानमोठी धरणे बांधतात. ही विद्या जुनी आहे. ताइफ शहराजवळ खलीफा मुआविया यांच्या काळचे एक दगडी धरण आजही उभे आहे. त्यावरील शिलालेखात हिजरी ५८, म्हणजे इसवी सन ६७७-७८, हे साल कोरलेले आहे.

तेराशे वर्षे एक धरण टिकते आणि दुसरे थोड्याच वर्षांत फुटते, असे का व्हावे?

जेद्दा शहराची गोष्ट पाहा. तेथे वर्षाला सरासरी पन्नास-साठ मिलीमीटर पाऊस पडतो. आपल्या बेटाच्या मधल्या पठारावर तेवढा पाऊस एका दिवसातही पडून जातो. २५ नोव्हेंबर २००९ रोजी, ऐन हजच्या दिवसांत, जेद्दात चार तासांत सुमारे ९० मिलीमीटर पाऊस झाला. शंभराहून अधिक माणसे बुडून मेली. वाद्यांच्या कोरड्या पात्रांत घरे उठली होती आणि पाण्याला समुद्राकडे जायला वाट उरली नव्हती. चौकशी झाली, अधिकाऱ्यांवर खटलेही झाले. पुढे २६ जानेवारी २०११ रोजी पुन्हा पाऊस कोसळला. या वेळी शहराच्या पूर्वेकडील उम्म अल-खैर हा मातीचा बांध फुटला आणि पाणी खालच्या वस्तीत घुसले. 'उम्म अल-खैर' याचा अर्थ कल्याणाची माता. ज्या बांधाच्या भरवशावर लोक झोपत होते, त्यानेच घात केला. त्यानंतर त्या शहराभोवती नवी धरणे आणि समुद्रापर्यंत जाणारे कालवे बांधण्यात आले.

पूर अडवणाऱ्या लहान धरणाचे दुखणे हे की ते बहुतेक वेळ रिकामे असते. पाण्याने भरलेल्या तलावाकडे सर्वांचे लक्ष जाते, रिकाम्या बांधाकडे कोण पाहतो? गरज सरो नि वैद्य मरो, तसा प्रकार होतो. गाळ साचून पोटातली जागा कमी होते. जादा पाणी जाण्यासाठी ठेवलेल्या सांडव्यात झुडपे वाढतात, कोणी केरकचरा टाकतो. बांधावर झाडे उगवतात. ती वाळली की त्यांच्या मुळांच्या जागी पोकळ वाटा राहतात. उंदीर-घुशी बिळे करतात. मग एका रात्री पाणी माथ्यावरून वाहू लागते आणि माती धुऊन नेते, किंवा आतल्या वाटांतून झिरपून बांध पोखरते. झिरपणारे पाणी स्वच्छ असेल तरी लक्ष ठेवावे लागते. ते गढूळ येऊ लागले तर बांधाची मातीच वाहून चालली आहे असे समजावे, आणि खालच्या लोकांनी घर सोडून उंचावर जावे.

हे फक्त वाळवंटाचे संकट नव्हे. लिबियातील देर्ना शहरावर ११ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे वादीवरची दोन धरणे फुटली आणि हजारो माणसे गेली. आपल्या पूर्वजांच्या कोकणात, चिपळूण तालुक्यातील तिवरे येथे, २ जुलै २०१९ च्या रात्री लहानसे मातीचे धरण फुटले आणि वीसहून अधिक माणसे वाहून गेली. धरणाला गळती आहे, असे गावकरी आधीच सांगत होते. नंतर एका मंत्र्याने दोष खेकड्यांवर टाकला! खेकडे बिळे करतात हे खरे मानले, तरी बिळे पाहून वेळीच बुजवणे हे माणसाचेच काम होते. भारतात २०२१ साली धरण सुरक्षा कायदा झाला. तो १५ मीटरहून उंच धरणांना, आणि १० ते १५ मीटरमधील काहींना लागू आहे. त्याहून लहान बांध या कायद्याबाहेरच राहतात, आणि गरिबांची घरे बहुधा अशाच बांधांखाली असतात.

वाचकहो, आपल्या बेटावरही ३० मार्च २०१३ रोजी पोर्ट लुईमध्ये अचानक आलेल्या पाण्याने अकरा जीव घेतले, हे आपण विसरलेलो नाही. आपल्या गावाच्या वर कोणता बांध, तळे किंवा नाला आहे? त्याची तपासणी कोण करते, आणि शेवटची कधी झाली? हे प्रश्न घरात, मंडळाच्या बैठकीत आणि ग्रामसभेत विचारायला हवेत. आम्ही शिक्षकांनीही मुलांना उन्हाळ्याच्या पावसाआधी एकदा नाल्यावर न्यावे आणि वाट मोकळी आहे का ते दाखवावे. सांडवा साफ करायला फावडे आणि चार माणसे पुरतात. बांध फुटल्यावर मात्र साऱ्या गावाचे हात कमी पडतात.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपली वडीलधारी माणसे सांगत आली. जेद्दा आणि तिवरे यांना ठेच लागली आहे. आपण शहाणे व्हायचे की नाही, हे अजून आपल्या हाती आहे.