उमरची आई
‘शैहू उमर’ ही हौसा भाषेतली गोष्ट अबुबकर तफावा बालेवा यांनी १९३०च्या दशकात लिहिली. पुढे ते नायजेरियाचे पहिले पंतप्रधान झाले. १९७०च्या दशकात तिचं नाटक झालं आणि अदामू हलिलू यांनी चित्रपटही काढला.

लहानग्या उमरला पळवून विकतात. एक अरब व्यापारी त्याला सहारापार नेतो, पोटच्या पोरासारखा वाढवतो, शिकवतो. उमर विद्वान होतो. त्याच्या शोधात निघालेली आई मात्र स्वतःच गुलाम होते. मायलेकरांची भेट होते, पण आई फार जगत नाही. माझा जीव अडकतो तो तिच्यातच.

ज्या वाटेवर ती फरपटली, त्याच वाटेनं नायजेरियातल्या कानो शहराचं कापड उत्तरेला जाई. जमिनीतल्या खोल खड्ड्यांत ते निळीत बुडवत, मग लाकडी मोगरीनं बडवून बडवून धातूसारखं चमकवत. सहारातल्या तुआरेग जमातीचे पुरुष त्याचे फेटे बांधत. निळीचा रंग त्यांच्या गालांवर उतरे. उलट दिशेनं घोडे, कागद, ग्रंथ येत. विद्या आणि गुलामगिरी एकाच तांड्यातून चालत होती, आणि ही गोष्ट त्यातलं काहीच झाकत नाही. म्हणून ती मला मोठी वाटते.

हलिलूंचा चित्रपट मात्र कित्येक वर्षं हरवलेलाच होता. नायजेरियातल्या जोस शहरातल्या संग्रहात त्याच्या प्रती सापडल्या; दुरुस्तीनंतर २०१८ मध्ये तो बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला.