चित्रकलेच्या वर्गांतील आत्मपरीक्षण

गणिताचें उत्तर बरोबर कीं चूक, हें पुस्तकाच्या शेवटीं छापलेलें असतें. चित्राच्या बाबतींत तशी सोय नाहीं. म्हणून चित्र पुरें होतांच मूल कागद घेऊन गुरुजींपुढें उभें राहतें आणि विचारतें, “चांगलें आलें का?” या प्रश्नाचें उत्तर मुलानें प्रथम स्वतःच शोधावें, हें आत्मपरीक्षणाचें मर्म आहे.

धाराशिव जिल्ह्यांतील नळदुर्गचें उदाहरण घ्यावें. तेथील किल्ल्यांत, बोरी नदीच्या बंधाऱ्याच्या पोटांत, सन १६१३ मध्यें पाणीमहाल बांधला गेला. पावसाळ्यांत नदी भरली कीं बंधाऱ्यावरून नर-मादी नांवाचे दोन धबधबे कोसळतात. समजा, सहलीहून परतलेल्या मुलास त्याचें स्मरणचित्र काढावयास सांगितलें आणि त्यानें पाणी स्वच्छ निळें रंगविलें. गुरुजी नुसतें “चुकलें” म्हणाले, तर पुढील खेपेस मूल गुरुजींना रुचेल तो रंग देईल. पण “तेथें उभा असतांना तुला काय दिसलें आणि कागदावर काय उतरलें?” असें विचारल्यास त्यास गढूळ लोंढा आठवेल, पांढरा फेंस आठवेल, काळा दगड आठवेल. निळा रंग डोळ्यांनीं नव्हे, संवयीनें दिला, हें त्याचें त्यालाच उमगेल. कदाचित् तो रंग त्यानें जाणूनबुजूनही घेतला असेल. मग तसें कारण त्यास सांगतां आलें पाहिजे.

याचें साधन अगदीं साधें आहे. कच्चीं रेखाटनें फाडून न टाकतां पक्क्या चित्रासह जपून ठेवावीं. प्रत्येकाच्या मागें तारीख आणि दोन-तीन ओळी लिहाव्या: काय साधावयाचें होतें, काय साधलें, पुढें काय बदलावें. सत्राच्या शेवटीं तीं क्रमानें मांडलीं कीं स्वतःची वाटचाल मुलास दिसते. अमेरिकेंतील पिट्सबर्ग शहराच्या शाळांत १९८५ नंतरच्या वर्षांत ‘आर्ट्स प्रॉपेल’ या उपक्रमानें अशाच संग्रहास मूल्यमापनाचा आधार बनविलें.

महाराष्ट्रांतही वाट मोकळी आहे. २०१० पासूनच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनांत कलेचा भर सत्रान्तींच्या लेखी परीक्षेवर नसून वर्षभराच्या कामावर आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें तर प्रगतिपत्रकांत विद्यार्थ्याच्या स्वतःच्या मूल्यमापनासही स्थान दिलें. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांत श्रेणी परीक्षकच ठरवितो, आणि तें योग्यच. परंतु परीक्षकाचें उत्तर एकदां मिळतें, स्वतःचें उत्तर प्रत्येक रेघेस द्यावें लागतें.

एक धोका मात्र ओळखला पाहिजे. चित्रामागील त्या दोन ओळींनाच गुण मिळूं लागले, तर मुलें आपला दोष लपवितील, किंवा गुरुजींना आवडेल असा दोष शोधून लिहितील. कबुलीची शिक्षा होते तेथें कोणीही खरें बोलत नाहीं. म्हणून त्या ओळी शिक्षकानें वाचाव्या, त्यांवर बोलावें, पण त्यांची श्रेणी लावूं नये. वर्गांतील बहुतेक मुलें पुढें चित्रकार होणार नाहींत. तरीही केलेल्या कामाकडे न रागावतां आणि न भुलतां पाहण्याची दृष्टि, शेतांत असो वा कचेरींत, त्यांस जन्मभर पुरेल.