रोही, चिंकारा आणि मोकाट गुरं

बुलढाण्याहून खामगावला जाताना बोथ्याचा घाट लागतो. दोन्ही अंगांना ज्ञानगंगा अभयारण्य, सुमारे 205 चौरस किलोमीटरचं. या झुडपी रानात रोही, म्हणजे नीलगाय, चिंकारा, चौसिंगा चरतात आणि आसपासच्या गावांची गुरंही शिरतात. तरी सगळ्यांचं भागतं, ते घासातल्या फरकामुळे.

गाय जिभेचा विळखा घालून गवत ओढते, म्हणून तिला ते वाढलेलं लागतं. मेंढी जमिनीलगतचं कुरतडते. चिंकाऱ्याचं तोंड निमुळतं. बोरीच्या काट्यांतून तो नेमकं पान खुडतो, बाभळीखालची शेंग उचलतो. रोही गवतही खातो, पालाही, आणि उंच असल्याने वरची फांदी त्याचीच. शेळी मात्र मागच्या पायांवर उभी राहून तिथंही पोचते. चिंकाऱ्याची खरी चढाओढ गाईशी नाही, शेळीशी आहे.

गवताचाही हंगाम असतो. कोवळी कुसळी गुरं आवडीनं खातात, कुसळं धरली की टाळतात. फार चरलेल्या जागी तरोटा माजतो. लांबून रान हिरवंगार दिसतं, पण त्याला गुरं सहसा तोंड लावत नाहीत.

दुसरी वाटणी वेळेची. गुराखी दिवस मावळायच्या आत गुरं गोठ्यात आणतो आणि रात्रीचं रान जंगली जनावरांना मोकळं होतं. मोकाट गुरांना मागं हाकणारं कुणी नसतं. 2015 च्या गोवंश हत्याबंदीनंतर भाकड जनावर विकायची सोय उरली नाही, दावणीला बांधून चारा घालणं परवडेना. काहींनी ती सोडून दिली. ही गुरं रात्रीही रानातच. माझ्या मते बिघाड इथं आहे, गुराख्याच्या कळपात नाही.

उन्हाळ्यात हा बिघाड पाणवठ्यावर दिसतो. चिंकारा पाल्यातल्या ओलाव्यावर बरेच दिवस काढतो. गाईला रोज पाणी हवंच. मग आटलेल्या डबक्यावर सगळ्यांची तोंडं एकत्र येतात आणि लाळ्या-खुरकूत एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. त्याची लस सरकारी मोहिमेत गाई-म्हशींना दर सहा महिन्यांनी मोफत मिळते, पण मोकाट जनावराला धरून आणणार कोण? तेव्हा पुढच्या फेरीला आपली गुरं तर न्याच, गावात फिरणारी बेवारस गुरंही पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.