रणजीतली उमेदवारी

2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून एकदिवसीय विश्वचषक जिंकला. तेव्हापासून प्रशिक्षक अमोल मुझुमदार यांची कारकीर्द एकाच सुरात सांगितली जाते : भारताची टोपी न मिळालेल्या गुणी फलंदाजाला अखेर न्याय मिळाला. हा सूर कानाला गोड लागतो, पण त्यात रणजी करंडकातली सुमारे वीस वर्षे नुसती ताटकळण्यात गेल्यासारखी वाटतात. माझ्या मते ती वर्षे म्हणजे प्रशिक्षकपदाची उमेदवारीच होती, आणि तिचा उत्तरार्ध, ज्याकडे फारसे कुणी पाहत नाही, तो सर्वांत महत्त्वाचा.

शारदाश्रम शाळा, तिथले प्रशिक्षक आचरेकर सर आणि 1988 मधली तेंडुलकर-कांबळींची 664 धावांची भागीदारी चालू असताना पॅड बांधून बसलेला पुढचा फलंदाज मुझुमदार, हे सारे वाचकांना पाठ आहे. 1993-94 च्या हंगामात हरियाणाविरुद्ध पदार्पणातच 260 धावा काढून त्यांनी जागतिक विक्रम केला. तो 2018 पर्यंत टिकला. पण 1996 च्या जूनमध्ये लॉर्ड्सवर गांगुली आणि द्रविड एकाच कसोटीत उतरले, त्याच वर्षाअखेरीस लक्ष्मण आला, तेंडुलकर तर आधीपासून होताच. मधल्या फळीचे दार असे बंद झाले की 171 प्रथम श्रेणी सामने, 11,167 धावा आणि 30 शतके एवढा ऐवजही ते उघडायला पुरला नाही. तरीही प्रशिक्षक शोधायचा तर मी या आकड्यांत शोधणार नाही. 2006-07 मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने पहिले तिन्ही सामने गमावले, उपांत्य सामन्यात बडोद्याविरुद्ध दुसऱ्या डावात शून्यावर पाच गडी अशी दैना झाली, आणि त्याच संघाने करंडक जिंकला. पुढे 2009 मध्ये मुंबई सोडून ते आसामकडे गेले, नंतर आंध्रकडे. मुंबईच्या ड्रेसिंग रूममध्ये जिंकणे गृहीत धरलेले असते. आसामात ते गृहीत धरता येत नाही; तिथे आलेल्या अनुभवी फलंदाजाला स्वतःच्या धावांइतकीच शेजारच्या पोराच्या धावांची काळजी वाहावी लागते.

या अनुभवाचा माग मला 2025 च्या स्पर्धेत दिसतो. भारत ओळीने तीन सामने हरला. त्यांपैकी इंदूरच्या इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात जेमिमा रॉड्रिग्जला वगळले होते. पुढच्याच सामन्यात ती परतली, आणि उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाच्या 338 धावांचा पाठलाग करताना तिला तिसऱ्या क्रमांकावर पाठवले. तिने नाबाद 127 धावा केल्या. वगळलेल्या खेळाडूवर आठवड्या-दीड आठवड्यात अशी जोखीम सोपवायची, तर वगळण्याचा अर्थ ‘तू संपलीस’ असा होत नाही हे तिला पटलेले असावे लागते. शफाली वर्मा मूळ संघातही नव्हती, हरियाणाकडून देशांतर्गत स्पर्धा खेळत होती. प्रतिका रावल जखमी झाल्यावर तिला बोलावले. अंतिम सामन्यात तिने 87 धावा केल्या आणि दोन बळीही घेतले. अर्थात निर्णय एकट्या प्रशिक्षकाचे नसतात. निवड समिती असते, कर्णधार असते.

इथे कोणी विचारील, मग 2024 च्या ट्वेंटी-20 विश्वचषकात हाच प्रशिक्षक असताना संघ गटातच बाद कसा झाला? प्रश्न रास्त आहे. प्रशिक्षक खेळत नाही, आणि एका स्पर्धेवरून त्याला देव ठरवणे जितके उथळ, तितकेच दुसरीवरून नालायक ठरवणेही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा : द्रविड, गॅरी कर्स्टन हे दिग्गज कसोटीपटूही विश्वविजेत्या संघांचे प्रशिक्षक झालेच की. झाले, कसोटीपटूला प्रशिक्षण जमत नाही असा माझा दावाच नाही. पण ऑस्ट्रेलियाचे जॉन बुकॅनन अवघे सात प्रथम श्रेणी सामने खेळले होते, आणि खुद्द आचरेकर सर फक्त एक. म्हणजे टोपी ही पात्रतेची अट नव्हे. उलट रणजीत वीस वर्षे काढलेला प्रत्येक जण चांगला शिकवतो असेही नाही. कडवटपणा घेऊन बाहेर पडलेला माणूस पोरांना तोच देतो. मुझुमदारांनी नेदरलँड्स, राजस्थान रॉयल्स, दक्षिण आफ्रिका, मग 2021 पासून मुंबई अशी कामे केली, ही दुसरी उमेदवारी ध्यानात घ्यायला हवी.

सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरच्या तामलवाडीसारख्या गावाला याचे काय, तर बरेच काही. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर 2022 मध्ये 19 वर्षांखालील विश्वविजेत्या संघात होता; तेव्हा या पट्ट्यात वेगवान गोलंदाज निपजतो, हे सिद्ध आहे. महाराष्ट्र राज्यातून मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ रणजी खेळतात, म्हणजे दर काही वर्षांनी अनुभवी खेळाडूंची एक फळी निवृत्त होते. त्यांतले बरेचसे पुण्या-मुंबईच्या अकादम्यांत दिसतात. जिल्हा पातळीवर पगारी, पूर्णवेळ प्रशिक्षक नेमताना भारताकडून किती सामने खेळलात हे विचारण्याऐवजी किती दुबळ्या संघांत राहिलात, किती पोरांना पुढे आणलेत, हे विचारले पाहिजे. आणि नेमणूक एका उन्हाळी शिबिरापुरती न करता किमान पाच वर्षांची केली पाहिजे.