कुऱ्हाड घेताय? आधी दांडा बघा!

थंडी पडली की ग्रुपवर मेसेज सुरू होतात. ‘या वीकेंडला टेन्ट टाकू या का?’ मग कुणी वडगाव रासाईकडचा भीमाकाठ सुचवतं. नदीच्या अलीकडे शिरूर, पलीकडे दौंड, दोन्हीकडे ऊस आणि मध्ये मित्राचं शेत. टेन्ट मिळतो, स्लीपिंग बॅग मिळते, चिकन मॅरिनेट होतं. आणि मग ग्रुपमधला एक जण ऑनलाइन बघितलेल्या काळ्या, चकाचक टोमाहॉकचा फोटो टाकतो. ‘भावा, हेच घ्यायचं!’

थांबा. ‘ॲड टू कार्ट’ दाबण्याआधी पाच मिनिटं द्या.

टोमाहॉक म्हणजे नक्की काय?

हा शब्द उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषांमधून इंग्रजीत आलाय. पातं हलकं, दांडा सरळ. पारंपरिक टोमाहॉकचा दांडा आपल्या टिकावासारखा वरून घालतात, त्यामुळे तो झटकन काढता येतो. फिरत्या माणसाला सोयीचं. पण पातं हलकं म्हणजे फोडायची ताकदही कमी. वेड्या बाभळीचं वाळकं खोड त्याने फोडायला बसलात तर चिकन होईपर्यंत सकाळ उजाडेल. शिवाय आज ‘टॅक्टिकल’ म्हणून विकले जाणारे बरेचसे टोमाहॉक लाकडापेक्षा लढाई डोळ्यासमोर ठेवून बनवलेले असतात. मागच्या बाजूला खिळ्यासारखं टोक असलं, तर त्याचं कॅम्पवर काम काय, हे स्वतःलाच विचारा.

आधी काम ठरवा, मग हत्यार

बारीक फांद्या, झुडपं साफ करायची तर कोयता. मनगटाएवढी वाळकी फांदी कापायची तर घडीची करवत; वजनाला हलकी, आवाज कमी आणि नवख्यांसाठी सगळ्यात सुरक्षित. ओंडका उभा चिरायचा असेल तरच कुऱ्हाड. खरं सांगायचं तर एका रात्रीच्या शेकोटीला करवत आणि विकतच्या लाकडाची मोळी पुरते.

तरीही कुऱ्हाड हवीच असेल, तर कॅम्पिंगसाठी साधारण ६०० ते ८०० ग्रॅमचं पातं आणि दीड ते दोन फुटांचा दांडा बरा. लहान कुऱ्हाड म्हणजे सेफ, असं वाटतं ना? उलट आहे. लांब दांड्याचा घाव चुकला तर पातं बहुतेक वेळा जमिनीत जातं, आखूड दांड्याचा चुकला तर थेट नडगीवर येतं. ‘आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेणं’ हा वाक्प्रचार उगाच नाही आला! म्हणून आखूड कुऱ्हाड गुडघ्यावर बसून, लाकूड दुसऱ्या ओंडक्यावर ठेवूनच चालवायची.

बाजारात गेल्यावर काय बघाल?

ब्रँडेड कुऱ्हाडीला हजारो रुपये मोजण्याआधी तालुक्याच्या आठवडे बाजारात एक चक्कर मारा. रस्त्याकडेला भाता, ऐरण आणि घण घेऊन बसलेलं घिसाडी कुटुंब दिसेल. राज्याच्या यादीत भटक्या जमातींमध्ये असलेला हा समाज पिढ्यान् पिढ्या गावोगाव फिरून शेतीची अवजारं घडवतोय. अनेकदा नवरा सांडशीत तापलेलं लोखंड धरतो आणि बायको घण मारते. गाड्यांच्या जुन्या पाट्यांचं लोखंड इथे कुऱ्हाड होऊन परत कामाला लागतं. तयार माल स्वस्त झाल्यापासून त्यांचं काम कमी होत चाललंय. त्यामुळे मॉलमध्ये गप्प बसून बिल भरणाऱ्यांनी इथे पन्नास रुपयांसाठी घासाघीस करू नये, ही विनंती.

घेताना चार गोष्टी तपासा.

दांडा : लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीने सरळ जायला हव्यात. आडव्या रेषा किंवा गाठ असली तर तो तिथेच मोडणार. आपल्याकडे बाभळीचा दांडा चिवट मानतात. जाड रंग लावलेला दांडा टाळा, रंगाखाली काय आहे ते दिसत नाही.

नेढं आणि पाचर : दांडा जिथे बसतो ते नेढं. पाचर घट्ट हवी. उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि पातं सैल होतं. दर वेळी वापरण्याआधी हलवून बघा. सैल पातं उडालं की समोरच्याचं काही खरं नाही.

पाणी : धारेला पाणी नीट दिलेलं आहे का, हे घडवणाऱ्यालाच विचारा. कमी पडलं तर धार वाकते, जास्त झालं तर तुटते.

म्यान : चामड्याचं नसलं तरी चालेल. टायरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बांधला तरी काम होतं. बाइकच्या हँडलला लटकवून मात्र नेऊ नका.

कायदा काय म्हणतो?

गेल्या काही वर्षांत पुण्यात ‘कोयता गँग’ हा शब्द रोजचा झालाय. त्यामुळे बॅगेत पातं घेऊन रात्री बाइकवर फिरणाऱ्या चार पोरांना पोलिसांनी अडवलं तर नवल नाही. घरकाम, शेती किंवा उद्योगासाठी न बनवलेली, ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्र नियमांच्या यादीत येतात आणि त्यात लढाईच्या कुऱ्हाडीचं नाव स्पष्ट आहे. शेतीची साधी कुऱ्हाड वेगळी आणि ‘टॅक्टिकल’ टोमाहॉक वेगळा, तो इथे. शिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली बंदी आदेश लागू असेल, तर सार्वजनिक ठिकाणी हत्यार नेणंच महागात पडू शकतं. हातात पातं घेऊन रील तर बिलकूल नको. राखीव जंगलात आणि गडांवर झाडाला हात लावायचा नाही, शेकोटीही नाही. खासगी शेतात मालकाला विचारूनच, आणि तेही वाळकं लाकूड.

बिबट्यासाठी कुऱ्हाड? नको!

शिरूरमध्ये कॅम्प म्हटलं की हा प्रश्न येतोच. २०२५ च्या अखेरीस याच तालुक्यात पिंपरखेड भागात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली. हातात कुऱ्हाड आहे म्हणून अंधारात उसाच्या कडेला सरपण शोधायला जाणं हा शुद्ध वेडेपणा. लाकडं उजेडातच गोळा करा, एकटं फिरू नका, टॉर्च चालू ठेवा. गावकरी ‘इथे नको’ म्हणाले तर गुपचूप सामान उचला. आणि शेकोटी पाचटापासून लांब! एक ठिणगी उडाली की कुणाचं तरी वर्षभराचं पीक जातं.

शेवटचं. ऊसतोडीच्या हंगामात भीमाकाठच्या शिवारात कोप्या दिसतील. बीड-अहिल्यानगरकडून आलेली कुटुंबं तिथे महिनोन् महिने राहतात, थंडीतही. त्यांच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात आणि एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’. आपल्याला जे हत्यार कूल वाटतं, त्याच्या नावाने इथे माणसं मोजली जातात. त्यांचे फोटो काढत फिरण्यापेक्षा धार कशी लावायची, ते विचारा. एवढं शिकलात तरी ट्रिप वसूल!